मागच्या दाराची ओहोटी

१

त्या घरी जायचं तर आधी समुद्राला विचारावं लागे.

किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर एक खडकाळ बेट होतं आणि बेटावर एकुलतं एक घर. मध्ये दगडी वाट होती. भरती आली की ती पाण्याखाली जाई, ओहोटी लागली की शेवाळाने माखलेली पाठ वर काढी. दिवसातून दोनदा समुद्र वाट देई आणि दोनदा परत घेई. त्या दोन ओहोट्यांतली जी उजेडात पडे ती सिस्टरची. दुसरी अंधारात येऊन जाई. ती कुणाच्याच उपयोगाची नव्हती.

सिस्टर म्हणजे दवाखान्यातली फिरती नर्स. चाळिशी ओलांडलेली, चालायला झपझप, बोलायला मोजकी. खांद्यावर पिशवी, अंगात दवाखान्याने दिलेला निळा कोट. ज्यांना दवाखान्यापर्यंत येणं जमत नाही त्यांच्या घरी जाऊन पट्ट्या बदलायच्या, इंजेक्शनं द्यायची आणि निघताना "उद्या येते" म्हणायचं, हे तिचं काम. वर्षानुवर्षं ती लोकांच्या घरात शिरत होती, तिच्या घरी मात्र कुणी फिरकत नव्हतं. भाड्याची एक खोली आणि पंधरवड्यातून एकदा धाकट्या बहिणीचा फोन, तोही "ठेवते गं, मुलं आली" असा संपणारा. तिची तक्रार नव्हती. तक्रार करायलाही समोर कुणीतरी लागतं.

बेटावर बाई राहत. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला, अर्धं गाव हाताखालून गेलेलं, म्हणून त्या सगळ्यांच्याच बाई. मुलगा दूरदेशी होता. "इकडे या" म्हणून तो थकला, "नाही" म्हणून बाई थकल्या नाहीत. घोट्याजवळची जखम काही केल्या भरत नव्हती, कंबरेतून वाकता येत नव्हतं, घरातल्या घरात काठी टेकत चालणं तेवढं जमे. जीभ मात्र शाबूत होती.

घराला दोन दारं होती. पुढचं किनाऱ्याकडे, मागचं उघड्या समुद्राकडे. मागच्या दारापुढे चार पायऱ्या, मग खडक, मग नुसतं पाणी. तिकडून येण्यासारखं काहीच नव्हतं, त्यामुळे ते दार कायम बंद असे.

त्या दिवशी सिस्टर जुनी पट्टी सोडवत होती. बाई सहज म्हणाल्या, "काल छान निवांत बसलीस. रोज अशी बसत जा की."

"काल कुठली बसतेय बाई? पाणी चढत होतं म्हणून पळतच निघाले."

"तेव्हाचं नाही गं म्हणत मी. नंतरचं."

सिस्टर हसली. वय झालं की दिवसांची सरमिसळ होते, तिला काही ते नवीन नव्हतं. काम उरकून ती कापसाचे बोळे टाकायला स्वयंपाकघरात गेली. मागच्या दारापाशी पायपुसणं होतं. तिचा पाय त्यावर पडला आणि मोज्यातून गार पाणी आत आलं.

पायपुसणं ओलंचिंब होतं.

२

छप्पर गळत असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. वर पाहिलं तर छत कोरडं ठणठणीत. मग दाराच्या फटीतून लाटेचं पाणी आलं असेल. पण दाराच्या आतली फरशी कोरडी होती आणि पायपुसणं तेवढं ओलं होतं. असेल काहीतरी, म्हणून तिने ते पिळून वाळत टाकलं.

पुढच्या खेपेला मात्र तिला स्वतःला काही सांगता येईना. प्रत्येक नर्सचा पट्टी बांधण्याचा एक हात ठरलेला असतो. सिस्टर घोट्याच्या आतल्या बाजूने सुरुवात करी, बाहेरच्या बाजूला पिन लावी. डोळे मिटून बांधली तरी ती तशीच बांधली जाई. आज पट्टी बाहेरून आत गुंडाळलेली होती आणि पिन आतल्या बाजूला होती. नीटस, घट्ट, कुठेही चुणी नाही. एखाद्या डावखुऱ्या, सराईत माणसाने बांधावी तशी.

"बाई, पट्टी कुणी बदलली?"

"तूच."

"मी नाही. ही माझी नाही."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. वर्गात खोटं बोलणाऱ्या पोरीकडे पाहावं तसं. "मग काय मी बांधली? मला माझ्या पायाची नखं दिसून दोन वर्षं झाली."

ते खरंच होतं. सिस्टरने पट्टी सोडली. आतली जखम कडेने गुलाबी झाली होती. इतके महिने जी हटून बसली होती ती एका दिवसात भरू लागली होती.

दवाखान्यात डॉक्टरांना सांगितलं तर ते खूश झाले. "तुमच्या हाताला गुण आहे सिस्टर. मी तर आशा सोडली होती."

तिने मान डोलावली. दिवसभर ती आपल्या हातांकडे बघत राहिली. गुण कुणाच्या हाताला होता, हा प्रश्न डॉक्टरांना विचारण्यासारखा नव्हता.

३

ओहोटी रोज पाऊणएक तासाने पुढे सरकते. सकाळची ओहोटी सरकत सरकत दुपारवर आली होती. सिस्टर त्या दिवशी जेवण न करताच निघाली. बाईंनी चहा केला आणि दोघी खिडकीपाशी बसल्या.

"रविवारची बस आता बंद कर," बाई म्हणाल्या. "त्यापेक्षा इथे येत जा."

सिस्टरचा कप ओठांपाशीच थांबला. रविवारी सुट्टी म्हणून बेटावर दुसरी नर्स येई. सिस्टर त्या दिवशी बसमध्ये बसे. शेवटच्या थांब्यापर्यंत जाई, खाली उतरत नसे, त्याच बसने परत येई. कुठे जायचं नसे. शेजारी कुणीतरी बसावं, कुणाचा तरी खांदा लागावा, "जरा सरकता का" असं कुणीतरी म्हणावं, एवढ्यासाठी. हे तिने बहिणीला सांगितलं नव्हतं. कंडक्टरलाही ते माहीत नव्हतं, कारण ती दर वेळी वेगळ्या नंबरची बस धरी.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तूच की. रडत होतीस सांगताना." बाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. "त्यात लाज कसली?"

"कधी सांगितलं बाई? मी कधी येते?"

"दोन्ही ओहोट्यांना येतेस. एकदा पुढून, एकदा मागून. मागून येतेस तेव्हा जास्त बोलतेस."

सिस्टर हसली, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. बाईंना मात्र हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं. त्या समुद्राकडे बघत होत्या.

"वर्गात दरवर्षी एक तरी मूल विचारायचं," त्या म्हणाल्या. "बाई, चंद्र पाण्याला ओढतो, म्हणून चंद्राकडचं पाणी फुगतं, ते कळलं. पण त्याच वेळी पृथ्वीच्या पाठीमागेही भरती असते. तिकडे तर चंद्र नाही. मग तिकडचं पाणी कोण ओढतं?"

"कोण ओढतं?"

"कुणीच नाही. जवळचं पाणी चंद्र जास्त ओढतो, मधली जमीन त्याहून कमी, आणि पलीकडचं पाणी सगळ्यात कमी. सगळे पुढे निघतात आणि ते मागे राहतं. मागे राहिलेलं पाणीच तिकडे फुगून येतं. दिवसातली एक भरती ओढलेल्या पाण्याची आणि एक मागे राहिलेल्या पाण्याची." त्यांनी कप खाली ठेवला. "शिकवताना कधी वाईट वाटलं नाही. आता वाटतं."

४

त्या दिवशी निघण्याआधी सिस्टरने मागच्या दाराला खालवर दोन्ही कड्या घातल्या आणि जड पेटी ओढून दाराला लावली. बाईंचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी पट्टी सिस्टरनेच बांधलेली होती. आतून बाहेर, पिन बाहेरच्या बाजूला. तिला हायसं वाटलं. मग तिने पट्टी सोडली आणि हायसं वाटणं संपलं. जखमेच्या कडा पुन्हा काळपटल्या होत्या, वास येत होता. बाईंच्या अंगात कणकण होती आणि डोळे सुजले होते.

"झोप नाही लागली?"

"कशी लागेल? दार ठोठावत होती बिचारी. पाणी चढेपर्यंत ठोठावत होती. मला ती पेटी हलवता आली नाही."

सिस्टरने पेटी बाजूला केली, कड्या काढल्या आणि दार उघडलं. बाहेर लख्ख ऊन होतं. पायऱ्या, खडक, त्यापलीकडे वाळूचा ओला पट्टा आणि मग समुद्र. कुणी नव्हतं. तिने दार बाहेरून पाहिलं. लाकडावर मिठाचे पांढुरके डाग वाळलेले होते. लाटेचे शिंतोडे म्हणावेत तर ते सगळे एकाच उंचीवर होते, आणि ती उंची तिच्या खांद्याएवढी होती. तिने आपली डावी मूठ उचलून एका डागावर टेकवली. डाग मुठीएवढाच होता.

तिने दार लावलं. कडी घालायला हात वर गेला. मग बाईंच्या पायाचा विचार आला आणि हात तसाच खाली आला.

आतल्या खोलीतून बाई म्हणाल्या, "घातलीस का गं?"

"नाही."

"बरं केलंस."

दोन दिवसांत ताप उतरला. पट्टी पुन्हा बाहेरून आत बांधलेली मिळू लागली, आणि जखम पुन्हा भरू लागली. सिस्टर रोज दुसऱ्या कुणाची तरी पट्टी सोडवी आणि तिच्यावर आपली बांधून येई. दोघींमध्ये वाटून घेतल्यासारखं काम चाललं होतं.

५

पौर्णिमा आली. चंद्र आणि सूर्य एका रेषेत येतात, समुद्र सगळ्यात वर चढतो आणि सगळ्यात लांब हटतो. त्या सुमाराला एक ओहोटी उजाडताना लागे आणि दुसरी दिवस मावळताना. दोन्ही उजेडात. सिस्टर कित्येक दिवस याच दिवसाची वाट बघत होती.

सकाळच्या ओहोटीला ती गेली आणि परत फिरली नाही. दवाखान्यात रजा टाकून आली होती. वाट पाण्याखाली गेली तसं घर किनाऱ्यापासून तुटलं.

बाई नाराज होत्या. "कशाला थांबलीस? बघून काय मिळणार आहे?"

"मला कळायला नको?"

"सगळं कळलंच पाहिजे असं थोडंच असतं? आणि हे मी म्हणतेय, मास्तरीण."

दुपारी पाणी घराच्या पायथ्याशी लागलं. अशी शांतता सिस्टरने कधी अनुभवली नव्हती. लाटा फुटत नव्हत्या, पाणी नुसतं वर येत होतं. जमिनीखालून एक संथ, भरल्यासारखा आवाज येई. कपाटातल्या बशा अधूनमधून किणकिणत. बाई डोळे मिटून खुर्चीत पडल्या होत्या.

"आत्ता चंद्र आपल्या पायाखाली आहे," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "पृथ्वीच्या पार पलीकडे. हे चढलंय ना, त्यात ते मागे राहिलेलं पाणी आहे."

सिस्टरने पाय खुर्चीवर घेतले. लहान मुलासारखे.

संध्याकाळी समुद्र हटू लागला तो हटतच गेला. मागच्या खिडकीतून तिला कधीही न दिसलेली जमीन दिसली. काळे खडक, वाळूच्या वळ्या, आणि त्यावर मावळतीचा लाल उजेड. पार टोकाला, पाणी जिथे सुरू होत होतं तिथे, एक काळी रेघ उभी होती. सिस्टर तिच्याकडे बघत राहिली. रेघ जाड झाली. तिला खांदे आले. एका खांद्यावर पिशवी आली. चालणं झपझप होतं.

"पुढच्या बोळात जा," बाई हळूच म्हणाल्या. "आणि पाणी येण्याआधी घरी जा. माझं ऐक."

सिस्टर बोळात गेली. दार तिने पुरतं लावलं नाही, बोटभर फट ठेवली. एक हात पुढच्या दाराच्या कडीवर होता. मागच्या पायऱ्यांवर पावलं वाजली. दार उघडलं. पिशवी जमिनीवर टेकली. नळ सुरू झाला, साबण फिरला, हात दोनदा झटकले गेले. सिस्टरही हात दोनदाच झटके.

"पाय कसा आहे बाई?"

रेकॉर्ड केलेला आपलाच आवाज ऐकला की परका वाटतो. हा तसाच परका होता, म्हणून तो तिला लगेच ओळखू आला.

"तुझ्याच वाटेकडे डोळे लावून होता," बाई म्हणाल्या.

आतून हसू ऐकू आलं. मोकळं, पोटातून आलेलं. आपण असं शेवटचं कधी हसलो ते सिस्टरला आठवेना. फटीतून तिला निळ्या कोटाची पाठ दिसली. पाठ वाकलेली होती. डावा हात पट्टी गुंडाळत होता. कोटाच्या काठातून पाणी ठिबकत होतं, आणि मानेवर चिकटलेल्या ओल्या केसांत ती एक पांढरी बट होती, जी सिस्टर रोज आरशात पिनेखाली दडवत असे.

"ती गेली नाही ना?" आवाजाने विचारलं.

बाईंनी बोळाकडे पाहिलं नाही. "गेली असेल."

"बोळात आहे." हात थांबला नाही. "येऊ दे की आत. मला काही हरकत नाही. तिलाच कधी कुणासाठी वेळ नसतो."

मग ती मान हळूहळू वळू लागली.

सिस्टरने कडी काढली. दगडी वाटेवरून ती धावत सुटली, घसरली, उठली, पुन्हा धावली. मागे वळून पाहिलं नाही. मागून कुणी येतही नव्हतं.

६

खोलीवर पोचल्यावर तिने बहिणीला फोन लावला. मागच्या फोनला अजून पंधरवडा व्हायचा होता.

"काय गं, सगळं ठीक ना?" बहीण घाबरली.

"ठीक आहे. सहज केला." तिने फोन दुसऱ्या कानाला धरला. "मी तुला कधी बसबद्दल सांगितलं होतं का?"

"कुठल्या बसबद्दल? अगं, दमलेली वाटतेस तू. जेव आणि झोप. ठेवते हं, ह्यांना वाढायचंय."

ती झोपली नाही. भीती होतीच, पण भीतीच्या खाली दुसरंच काहीतरी सलत होतं. पेशंटला टाकून आपण पळालो. आणि त्याहून खोल, जे तिने स्वतःशीही धड कबूल केलं नाही ते हे, की त्या खोलीत तिच्याखेरीज सगळं होतं. चहा होता, गप्पा होत्या, हसणं होतं.

सकाळच्या ओहोटीला तिने वाट धरली.

पुढचं दार तिने उघडं टाकलं होतं तसंच उघडं होतं. बाईंची खुर्ची रिकामी होती. अंथरूण नीट घातलेलं. पायाची पट्टी घडी करून खुर्चीच्या हातावर ठेवलेली होती, आणि ती कोरडी, स्वच्छ होती. भरलेल्या जखमेची असते तशी.

"बाई?"

मागचं दार सताड उघडं होतं. बाहेर समुद्र कालच्याइतकाच लांब गेला होता. पायऱ्यांपासून ओल्या वाळूत पावलांच्या दोन रांगा निघाल्या होत्या. एक रांग तिच्या बुटांसारख्या बुटांची होती. दुसरी अनवाणी होती आणि तिच्या शेजारी काठीचं टोक उमटलेलं होतं. थोडं पुढे गेल्यावर काठीच्या खुणा थांबल्या होत्या. काठी तिथेच वाळूत पडलेली होती.

खूप दूर, उन्हात, दोघी चालत होत्या. एकीच्या अंगात निळा कोट, तिचा हात दुसरीच्या कोपराखाली. काहीतरी बोलणं चाललं होतं, कारण मधूनच एक डोकं दुसऱ्याकडे कलत होतं. गेली कित्येक वर्षं घरातसुद्धा काठी टेकणाऱ्या बाई पोरीसारख्या चालत होत्या.

सिस्टर पायऱ्या उतरली. "बाई," तिने हाक मारली. वाऱ्याने ती परत तिच्याच तोंडात घातली. पुन्हा मारली.

कोटवाली थांबली आणि वळली. चेहरा दिसण्याएवढी ती जवळ नव्हती. सिस्टरला दिसला तो फक्त वर उचललेला डावा हात. तो हात जा म्हणत होता की ये म्हणत होता, ते तिला कळलं नाही. बाई वळल्या नाहीत.

मग पाणी फिरलं. दूरवर पांढरी किनार हलली, आणि पुन्हा पाहिलं तेव्हा वाळूवर कुणी नव्हतं.

७

तिने लगेच किनाऱ्यावर जायला हवं होतं. डॉक्टरांना सांगायचं, पोलिसांना सांगायचं, बाईंच्या मुलाला फोन करायचा, होडी काढायला लावायची. हे सगळं तिला ठाऊक होतं. ती पुढच्या दारापर्यंत गेलीही. दगडी वाटेच्या मध्यावर पाणी येऊ लागलं होतं, पण घोटाभरच. अजून जाता आलं असतं.

काय सांगणार होती ती? आणि सांगून झाल्यावर कुठे जाणार होती? डॉक्टर दुसरा पेशंट देतील. खोलीवर कुलूप उघडेल, दिवा लागेल. बहिणीच्या फोनला अजून बरेच दिवस होते.

वाट बुडाली. तिने ती बुडताना पाहिली आणि दार लावून घेतलं.

दिवस तिने त्या घरात काढला. पट्ट्यांची पिशवी आवरली. बाईंची काठी आणायची राहिली होती. आता ती पाण्याखाली होती. दुपारी बशा किणकिणल्या तेव्हा तिने पाय वर घेतले नाहीत. घरात कुणीही नव्हतं, आणि तरी ते घर तिच्या खोलीइतकं रिकामं वाटत नव्हतं. हेच तिला सगळ्यात भयंकर वाटलं, आणि तोच विचार ती पुन्हा पुन्हा करत राहिली.

दिवस कलला. पाणी हटू लागलं. पुढे दगडी वाट पुन्हा वर आली. किनाऱ्यावर एकेक दिवा लागत होता. आता निघालं तर अंधार पडायच्या आत पोचता आलं असतं. ती मागच्या खोलीतल्या लांब बाकावर बसली होती. उठली नाही.

मागच्या बाजूला, वाळूवर, पावलं वाजू लागली. दोघींची नव्हती. एकटीच येत होती, झपझप, अंतर ओळखीचं असल्यासारखी. सिस्टरला वाटलं आपण किंचाळू. तोंड उघडलंही, पण आवाज निघाला नाही, आणि थोड्या वेळाने तोंड आपोआप मिटलं.

पायऱ्यांवर पाऊल पडलं. एक, मग दुसरं.

दाराला कडी घातलेली नव्हती. सिस्टरने मान वर केली नाही. तिने कोट सावरला, आणि बाकावर शेजारी जागा व्हावी म्हणून थोडी सरकली.